प्लीजचा खून

फ्रेंच पोलिसांइतकी सिगरेटी फुंकणारी आणि कामाला हात न लावणारी जमात मी दुसरी पाहिली नाही. समोर प्रेत पडलेलं असतं, आणि हा गृहस्थ कोटाची कॉलर वर करून नदीकडे बघत उभा. का? तर म्हणे बायको सोडून गेलीय. दर पिक्चरमध्ये जाते. अहो, असल्या माणसाजवळ कोण राहील? उगाच नाही बोलत मी. या लोकांबरोबर मी जवळजवळ तीस वर्षं काढली आहेत, आणि आमच्या ह्यांच्याबरोबर काढल्या नसतील तेवढ्या संध्याकाळी त्यांचे पडलेले चेहरे बघण्यात घालवल्या आहेत.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी ‘फ्रेंच चित्रपटांतलं काव्य’ या विषयावर लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, की काव्य मला काही दिसलेलं नाही, मला खून दिसले.

“अय्या, पण किती स्वीट लँग्वेज आहे ना!” त्या म्हणाल्या.

असेल. त्या स्वीट लँग्वेजमध्ये ‘गळा कशाने आवळला’ आणि ‘दुसरा बूट कुठे सापडला’ हे मी इतक्यांदा ऐकलंय, की कोणी बोंजूर म्हटलं तरी मला शवागार आठवतं. ज्यांना काव्य हवंय त्यांनी पान उलटावं.

मी फ्रेंच पिक्चरची इंग्रजी सबटायटल्स लिहीत असे. फ्रेंच पुण्यात शिकले. तिथेच चार वर्षं मुलींना शिकवलं, मग लग्न होऊन इथे न्यू जर्सीत, एडिसनला आले. फ्रेंच येणारी मराठी बाई म्हणजे लोकांना वाटतं अत्तराच्या दुकानात कामाला असेल. सबटायटल्स म्हटलं की समोरचा म्हणतो, “ते खाली येतं ते? ते कोणी लिहितं?” नाही हो, आपोआप उगवतं, पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसं! आमचे हे तर अजून पाहुण्यांना सांगतात, “हिचं काम म्हणजे शब्दशः पाट्या टाकणं.” हा विनोद ते लग्नाच्या पहिल्या वर्षापासून करताहेत आणि दर वेळी स्वतःच आधी हसतात.

काम सांगायला सोपं आहे. माणूस बोलतो भराभर आणि वाचणारा वाचतो सावकाश. पडद्यावर जागा दोन आखूड ओळींची. त्यामुळे जे बोललं गेलं त्यातलं निम्मं टाकून द्यायचं, आणि टाकलंय हे कोणाला कळू द्यायचं नाही. पाटी नटाच्या तोंडाबरोबर यायला हवी. उशिरा आली तर लोक चुळबुळतात, आणि लवकर आली तर कल्याणच. माझ्या एका सहकाऱ्याने एकदा ‘बाबा, तुम्ही?’ ही पाटी क्षणभर आधी टाकली होती. दार उघडायचं होतं, खुनी आत यायचा होता, आणि अख्ख्या थिएटरला आधीच कळलं की बाबा आले. दोन तास जपून ठेवलेला बाप त्याने असा फुकट घालवला.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका वितरकाला पिक्चर घरी सगळ्यांनी बसून बघावा असं वाटत होतं, म्हणून त्याने सगळ्या शिव्या काढायला लावल्या. पिक्चरमध्ये पाच खून, ते चालतील, शिव्या नकोत. त्यामुळे आमचा डिटेक्टिव्ह तळघरात उतरतो, भिंतीला टेकवून बसवलेलं प्रेत बघतो आणि म्हणतो, “ओ डिअर.” दुसऱ्याने खर्च वाचवायला पहिला खर्डा मशीनकडून करून घेतला आणि मला म्हणाला, नुसती नजर फिरवा. फ्रेंच बोलीत पोलिसांना कोंबड्या म्हणतात, आणि संशयिताला प्रश्न विचारून हैराण करण्याला शिजवणं. मशीनने लिहिलं होतं, ‘कोंबड्यांनी त्याला रात्रभर शिजवलं.’ मी नजर फिरवली, हसून हसून पाणी प्यायले, आणि सगळं पहिल्यापासून लिहून काढलं. तेव्हा हसले. पुढे त्याच मशीनने आम्हा सगळ्यांचीच पाटी उतरवली.

आता ज्या पिक्चरसाठी हे लिहायला बसले, त्याच्याकडे येते.

तो माझा शेवटचा पिक्चर होता. आमच्या कंपनीने आधीच कळवलं होतं की यापुढे पाट्या मशीन करील आणि माणसं फक्त तपासतील. मी म्हटलं, उष्टं खरकटं काढायला मी नाही राहणार, हा एक करते आणि थांबते. पिक्चर नवाच होता, एका तरुण बाईने केलेला, तिचा पहिलाच. मी जीव टाकावा असं त्यात काही आहे हे पहिल्या अर्ध्या तासात कळेना. तेच ते. नदीकाठचं मरगळलेलं गाव, बंद पडलेला साखर कारखाना, तीन खून. तिघंही कधीकाळी त्याच कारखान्यात कामाला, म्हणजे खुनी एकच. तपासाला एक वयस्कर इन्स्पेक्टर आणि त्याच्या हाताखाली एक तरुण मुलगी. त्याचा फ्रेंच हुद्दा वेगळा आहे, पण आपल्याला इन्स्पेक्टर पुरे. इन्स्पेक्टर नदीकडे बघतो. बायको सोडून गेलेली.

पहिल्या मेलेल्या माणसाची विधवा तिथेच राहते. इन्स्पेक्टर चौकशीला तिच्याकडे पुन्हा पुन्हा जातो. दर वेळी ती दार उघडते आणि म्हणते, “व्हने.” म्हणजे ‘या’. अदबीने, परक्या माणसाला म्हणावं तसं. मग एक दिवस तो आणि ती तरुण मुलगी गाडीतून जात असतात. मुलगी गाडी चालवतेय. इन्स्पेक्टरचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. फोन वाजतो, विधवेचा. तिला वाटतं तो एकटाच आहे. ती एकच शब्द बोलते आणि फोन ठेवते.

“व्हियँ.”

म्हणजे ‘ये’.

वाचक मराठी आहेत, मला पुढे काही समजावायला नको. बघा, अंगावर काटा आला की नाही? चार वेळा ‘या’ म्हणणारी बाई त्याला ‘ये’ म्हणाली! म्हणजे ही त्याला ओळखते, चांगली जवळून ओळखते, आणि ‘या, या’ हे सगळं नाटक होतं. गाडी चालवणारी मुलगी? फक्त आरशात बघते आणि गिअर बदलते. पुढचा सगळा पिक्चर त्या एका मात्रेवर उभा आहे. शेवटी चौकशीच्या खोलीत इन्स्पेक्टर आणि ती मुलगी समोरासमोर बसतात, खून त्यानेच केलेत, विधवेच्या साथीने, आणि मुलगी त्याला म्हणते, “ती तुम्हाला ‘ये’ म्हणाली.” संपलं. तो मान खाली घालतो.

मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. खोलीत एकटी असताना. तीस वर्षांच्या सिगरेटी मी त्या दिग्दर्शिकेला माफ करून टाकल्या.

आणि मग कपाळाला हात लावला, कारण हे इंग्रजीत कसं आणायचं? इंग्रजीइतकी दरिद्री भाषा नाही या बाबतीत. राजाला यू, कुत्र्याला यू. या म्हणजे कम, ये म्हणजेही कम. शेवटचं वाक्य होणार, ‘तिने तुम्हाला बोलावलं.’ अमेरिकन प्रेक्षक म्हणणार, बरं मग? बोलावलं तर बोलावलं! आणि हीच प्रत इथल्या वितरकांना दाखवायची होती. त्यांना शेवट कळला नाही, तर त्या बाईचा पिक्चर इथे कोणी लावणार नव्हतं. तिने कंपनीमार्फत मला निरोपही पाठवला होता, की मला इंग्रजी जेमतेम येतं, बाकी काही चुकलं तरी चालेल, तेवढं ‘व्हियँ’ सांभाळा.

दोन दिवस मी स्वयंपाकघरात पुटपुटत फिरत होते. नाव घालावं? नटी नाव घेत नाही, ओठ दिसतात. ‘डार्लिंग’ घालावं? मग आंधळ्यालाही खुनी दिसेल. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. मी म्हटलं, “या.” आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण कोणालाही ‘प्लीज या’ म्हणत नाही, म्हटलं तर ते इंग्रजाळलेलं. आपलं प्लीज क्रियापदाच्या पोटातच असतं. या, बसा, घ्या. इंग्रजांनी ते बाहेर काढून वेगळं ठेवलंय. मग त्यांना त्यांच्याच ताटात वाढू! दर वेळी विधवा म्हणेल, ‘प्लीज कम इन.’ फोनवर नुसतं, ‘कम.’ आणि शेवटी ती मुलगी म्हणेल, ‘ती प्लीज म्हणाली नाही.’

वहिनींना मी दारातच मिठी मारली. त्या कढीपत्ता मागायला आल्या होत्या, त्या जरा घाबरल्याच.

मी प्रत पाठवली, आणि आठवड्याने ती तपासून परत आली. सगळे प्लीज कापलेले. एकूण एक. शेजारी शेरा, ‘मूळ संवादात प्लीज नाही. जे बोललेलं नाही ते घालू नये.’ आणि शेवटच्या वाक्याच्या जागी सरळ साधं, ‘तिने तुम्हाला यायला सांगितलं.’

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी म्हटलं, आपलंच प्रेम असेल त्या प्लीजवर, खातरजमा करू. ती कापलेली प्रत लावली आणि ह्यांना समोर बसवलं. पॉपकॉर्न दिलं. ह्यांना फ्रेंचचं अक्षर येत नाही. शेवटपर्यंत बघितलं बिचाऱ्यांनी.

“मग?” मी विचारलं.

“पकडलं कसं त्याला?”

“तुम्ही सांगा.”

“मला काय माहीत! त्या बाईने बोलावलं, तो गेला. एवढ्यावरून खुनी? मग मी तर रोज जातो तू बोलावलंस की.”

झालं. पुरावा माझ्या सोफ्यावर बसून पॉपकॉर्न खात होता.

शेरा मारणारी होती इशा. माझ्याहून निम्म्या वयाची, कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या ऑफिसात, दर्जा तपासणाऱ्यांची प्रमुख. ईमेलवर आमचं बोलणं नेहमी इंग्रजीत, अगदी सभ्य. आडनावावरून वर्षापूर्वी तिला कळलं आणि पहिल्याच व्हिडिओ कॉलवर ती किंचाळली होती, “ओ माय गॉड, तू मराठी आहेस?” मला! मी साठी ओलांडलेली बाई. ती इथेच जन्मलेली, आईवडील नागपूरचे. त्या दिवसापासून ती मला मावशी म्हणायची आणि तू म्हणायची. “मावशी, तू किती क्यूट दिसते.” “मावशी, तू तो फाइल पाठवला का?” फाइलचं लिंग आणि माझा मान, दोन्ही एकाच वाक्यात मातीत. मी दात आवळून घ्यायची. इथे वाढलेली सगळीच मुलं असं बोलतात. पाहुण्यांना ‘काका, तू बस’ म्हणतात आणि आईबाप कौतुकाने हसतात. मला कधी हसू आलं नाही.

त्या दिवशी मी कॉल लावला.

“इशा, माझे प्लीज का कापलेस?”

“मावशी, तू स्ट्रेस नको घेऊ ना. क्लायंटची गाइडलाइन आहे. शी नेव्हर सेज प्लीज.”

“ती दर वेळी प्लीज म्हणते! ‘व्हने’ म्हणजेच प्लीज कम.”

“बट द वर्ड इज नॉट देअर. आय डोंट नो फ्रेंच, पण मी डिक्शनरी बघितली. दोन्हीचा मीनिंग कम आहे. यू इज यू, मावशी.”

“यू इज यू नाही! एक तू आहे आणि एक तुम्ही आहे.”

“सो? सेमच आहे ना. मी तर सगळ्यांना तूच म्हणते.”

“तेच तर! कोणी सांगितलं तुला मला तू म्हणायला? कोण लागते मी तुझी? ऑफिसातली एक बाई मी, तुझ्या आईहून मोठी. तुला कोणी शिकवलं नाही मोठ्यांशी कसं बोलायचं?”

बोलून गेले. वर्षभराचं साचलेलं बाहेर पडलं. पडद्यावर तिचा चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, “घरी सगळे मला तूच म्हणायचे. आई, बाबा, आजी. मी तेच शिकली. आय थॉट... मला वाटलं, आपल्या लोकांना तू म्हणतात.”

बरोबर होतं तिचं. आपल्या माणसांनाच तू म्हणतात. तिच्याकडे सबंध मराठीत तेवढं एकच सर्वनाम होतं, आणि ते तिने मला दिलं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे पिक्चर होता, आणि मी लोखंड तापलेलं बघून घाव घातला.

“बरोबर. आपल्या माणसाला तू. आता सांग, ती विधवा पूर्ण पिक्चरभर त्याला तुम्ही म्हणते, या म्हणते. आणि फोनवर, कोणी ऐकत नाही असं वाटून, ये म्हणते. म्हणजे?”

तिचा हात तोंडावर गेला.

“ही इज हर... ओ माय गॉड. तो तिचा आपला माणूस आहे.”

“आणि हे तुझ्या यू मध्ये कुठे दिसतंय?”

“दिसत नाही,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मी आईला दाखवते. विथ प्लीज. आईला काही सांगणार नाही. तिला कळलं तर मी फाइट करते क्लायंटशी.” जाता जाता थांबली. “आणि मावशी, सो... मी काय म्हणायला पाहिजे? तुला?”

“तुम्ही,” मी म्हटलं. “मोठ्यांना तुम्ही म्हणायचं.”

“ओके,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिचा ईमेल आला, इंग्रजीत. तिच्या आईने गाडीतल्या त्या प्रसंगाला सोफ्यावरून ओरडून सांगितलं होतं, “अगं, ही तर त्याला ओळखते!” आईला फ्रेंच येत नाही. प्लीज परत आले, एकूण एक. क्लायंटशी ती कशी भांडली ते तिने मला सांगितलं नाही, पण भांडली असणार, कारण ती माणसं मला ठाऊक आहेत, सहज ऐकणारी नव्हेत. पिक्चर इथल्या थिएटरांत लागला. आम्ही दोघं बघायला गेलो. गाडीतल्या प्रसंगाला पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईने नवऱ्याचा दंड धरला, आणि आमचे हे माझ्या कानाशी म्हणाले, “आत्ता कळलं. हे मागच्या वेळी का नव्हतं?” नंतर पेपरांतून परीक्षणं आली. नदीचं कौतुक, कॅमेऱ्याचं कौतुक, इन्स्पेक्टरच्या कॉलरचंसुद्धा कौतुक. एका विद्वानाने लिहिलं, की शेवटचं वाक्य दिग्दर्शिकेला इंग्रजीतच सुचलं असावं. लिहू दे. पाट्या कोणी लिहितं हे त्यांना माहीत नसावं हीच आमची नोकरी होती.

मी थांबले ते थांबलेच. आता मशीन लिहितं. परवाच एका पिक्चरमध्ये एक बाई आपल्या तान्ह्या बाळाला आणि न्यायाधीशाला एकाच सुरात बोलताना वाचली. मी टीव्ही बंद केला. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, कोंबड्या शिजवताहेत.

इशाचा त्यानंतर बरेच दिवस काही पत्ता नव्हता. मग गेल्या महिन्यात फोनवर तिचा मेसेज आला. मराठीत, देवनागरीत. ‘मावशी, नमस्कार. तुम्ही कशा आहात? तुमची आठवण येते. मी मराठीचा क्लास लावला आहे. तुम्ही कॅलिफोर्नियाला आलात तर कृपया आमच्या घरी या.’

एक चूक नाही. क्रियापदं जागच्या जागी, लिंगवचन बिनचूक, ऱ्हस्वदीर्घसुद्धा. ह्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, “वा! काय शुद्ध लिहिते पोरगी. तू शिकवलंस?”

मी शिकवलं. ती चार वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदका देऊन आलं. ‘मावशी, तू किती क्यूट दिसते’ म्हणणारी मुलगी मला ‘कृपया या’ म्हणत होती. दार उघडून, अदबीने, परक्या माणसाला म्हणावं तसं. ह्यांना काही कळेना. त्यांनी पाणी आणून दिलं आणि टीव्हीचा आवाज उगाच कमी केला.

मी चष्मा पुसला आणि तिला उत्तर लिहिलं. ‘या नको. ये म्हण.’

ती कामात असावी. उत्तर यायला वेळ लागला, तेवढ्यात माझी भाजी लागली. मग फोन वाजला.

‘ये ना मावशी. तू ये. प्लीज.’

‘ये’च्या पुढे प्लीजची काही गरज नव्हती. ऑफिसात असते तर कापलं असतं. राहू दिलं.